मधला ओ आणि अंतरपाट

डोंगराखालच्या एका गावात एक भोळा माणूस होता, भागोजी. त्याचं लग्न अडलं होतं. मुलगी सातवी पास, तेव्हा तिच्या बापाने अट घातली: जावयाला थोडं तरी इंग्रजी यायला हवं.

भागोजी धोंडो मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, "स्पीडोमीटर. स्पीड वेगळा, मीटर वेगळा. मधला ओ ही ग्रीकांची जुनी खोड, इंग्रजांनी उचलली. त्याला स्वतःचा अर्थ नाही. पण दोन जोडायचे तर मधे कायतरी लागतं."

भागोजीने हे गाठीशी बांधलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "दाराच्या दोन्ही फळ्या नीट जुळव." त्याने मधे वरवंटा ठेवला. फटीतून कुत्रं आलं, दूध पिऊन गेलं.

"मेल्या, जुळवायचं तर मधलं काढून टाकावं!" आई ओरडली.

"खरंच की," भागोजी म्हणाला. "माझं डोकं म्हंजी टोपी अडकवायची खुंटी."

सकाळी मामाने जू चढवलेले बैल नांगराला जुंपायला सांगितलं. भागोजीने दोघांच्या मानेवरचं जू काढून फेकलं. एक बैल नदीला गेला, दुसरा पाटलाच्या कडब्यात.

मामाने कपाळावर हात मारला. "आरं, मधलं हाय म्हणून जोडी हाय! पुन्हा मधल्याला हात लावू नगंस, कुणाला लावू बी देऊ नगंस!"

"खरंच की. डोकं न्हवं, खुंटीच माझी."

तरी लग्न ठरलं. सासऱ्यापुढे तो 'स्पीडोमीटर' म्हणाला आणि नंतर गप्प बसला. गप्प बसण्यानेच काम झालं म्हणतात.

मांडवात मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाटापलीकडे नवरी कौसा हार घेऊन उभी. भागोजीला ती फार आवडली होती. भटजी अंतरपाट काढू लागले. भागोजीने तो दोन्ही हातांनी गच्च धरला.

"नगा काढू गुरुजी! मधलं हाय म्हणून जोडी हाय!"

इकडून भटजी ओढतात, तिकडून भागोजी. वाजंत्री थांबली. सासरा लालबुंद झाला.

"अरे, मुहूर्त टळतोय!" भटजी किंचाळले. "मधे आडवं कोण येतंय? तूच! हो बाजूला!"

भागोजीने विचार केला. अंतरपाट नाही, जू नाही, वरवंटा नाही. आडवा येणारा आपणच! जन्मात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट चटकन पटली. त्याने अंतरपाट सोडला, सगळ्यांना हात जोडले आणि मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला.

अंतरपाट दूर झाला. कौसाने लाजत हार उचलला. समोर रिकामा पाट.

बाहेरून आनंदाने हाक आली, "गुरुजी, झालो बाजूला! आता जुळवा!"