महाराजांची मान डोलली

"गवळ्याची म्हैस देशमुखाला!" कारभाऱ्याने निकाल सुनावला आणि राही गवळण ताडकन पुढे आली. एकुलती एक दुभती म्हैस, सगळं घर तिच्या दुधावर चालायचं. म्हातारा बाप तर दरबारातच मटकन खाली बसला.

"अहो, पण महाराज काही बोललेच नाहीत!" राही म्हणाली.

"मान डोलली ना? मान डोलली की निकाल झाला. इथली रीतच आहे ती!"

मान डोलली होती खरी! वज्रसेन महाराज पुरणपोळ्यांवर तुपाची वाटी रिचवून, विडा चघळत थेट न्यायासनावर येऊन बसत. वाळ्याच्या पडद्यांतून गार झुळूक यायची, पाठ तक्क्याला टेकायची. त्या सुखाला देवसुद्धा नाही म्हणाला नसता! एरवी राजा बोले, दळ हाले. इथे राजा डुलायचा आणि लोकांच्या घरादाराचा निकाल लागायचा. देशमुख पक्का बेरकी. तो खोटी फिर्याद घेऊन नेमका जेवणानंतरच यायचा.

"महाराज, तुम्ही झोपला होता!" राही ठणकावून म्हणाली.

महाराज खडबडून जागे झाले. "कोण, मी? छे! डोळे मिटून विचार करत होतो!"

"आणि ते घोरणं?"

"तोही विचारच!" महाराज संतापले. "मी न्यायासनावर झोपतो, हे उद्या माझ्याच तोंडून वदवून घे. दुसऱ्या कुणाची साक्ष चालायची नाही. नाही जमलं, तर म्हशीबरोबर गोठाही देशमुखाचा!"

"पोरी, गप बसली असतीस तर गोठा तरी राहिला असता गं!" बाप रडकुंडीला आला. राहीचाही जीव टांगणीला लागला होता, पण ती मागे हटली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली. राही न्यायासनासमोर उभी राहिली. महाराजांची हनुवटी छातीला टेकेपर्यंत तिने वाट पाहिली. मग अंगाई म्हणावी तशी हळूच म्हणाली, "महाराज, घागरी वाहून डोकं दुखतं हो. तुमचा पट्टहत्ती मला देता?"

मान डोलली.

"अंबारीसकट?"

मान पुन्हा डोलली. कारभाऱ्याने कपाळाला हात लावला. पण रीत म्हणजे रीत! त्याने निकाल लिहिला.

थोड्या वेळाने हत्तीच्या घंटांनी महाराजांना जाग आली. पाहतात तो काय, चौकात पट्टहत्ती, अंबारीत राहीचा बाप आणि दोन्ही अंगांना दुधाच्या घागरी लटकलेल्या!

"अरे, माझा हत्ती कुणी दिला?"

"आपणच, महाराज! आत्ताच मान डोलावलीत."

"वेडी आहेस का? मी तर झोपलो..." महाराजांनी जीभ चावली.

"काल मान डोलली, तशीच आज डोलली," राही हात जोडून म्हणाली. "झोपला असाल तर म्हैस माझी. जागे असाल तर हत्ती माझा. मला काय, चाराच घालायचा! कुणाला घरी नेऊ, तेवढं सांगा!"

देशमुखाचं तोंड उतरलं. महाराज मात्र पोट धरून हसत सुटले. "झोपलो होतो गं बाई! कालही झोपलो, आजही झोपलो!"

राहीला तिची म्हैस मिळाली, वर देशमुखाच्या गोठ्यातली आणखी एक. राहीचा बाप मात्र अंबारीतून उतरायलाच तयार होईना. शेवटी महाराजांनी त्याला घागरींसकट वाजतगाजत घरी पोचवलं!