मोरांची उद्योगशाळा

त्या राज्यात काही करून दाखवणाऱ्यापेक्षा, करून दाखवीन म्हणणाऱ्याला जास्त मान होता. म्हणून तिथल्या सर्वांत उंच टेकाडावर मोरांची उद्योगशाळा भरत असे आणि खालच्या उतारावर उंदरांची पिल्लं सापाच्या तोंडी जात असत.

उतारावरच्या गवतात आठ पायांची एक कोळीण राहायची. शेजारच्या उंदरिणीचं अख्खं वेत सापानं गिळलं, तेव्हा तिचा आक्रोश ऐकून कोळिणीला अन्न गोड लागेना. तिनं माश्यांसाठी विणलेलं जाळं मोडलं आणि वेगळंच काही मांडलं. जमिनीलगत एक बारीक धागा ताणला आणि त्याचं टोक बिळाच्या तोंडाशी टांगलेल्या वाळक्या पानाला बांधलं. साप सरपटत आला की धाग्याला धक्का लागे, पान खडखडे आणि उंदरीण पिल्लांना घेऊन मागच्या वाटेनं पसार होई. तिचं पुढचं वेत वाचलं.

मग उताराभरच्या उंदरांना धागा हवासा झाला. कोळीण एकटी. आणखी विणकर कसे जमवायचे, काम कसं वाटून द्यायचं, धागा दूरवर कसा न्यायचा, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. "मोरांकडे जा," सगळे म्हणाले. "ते धंदा शिकवतात."

थोरल्या मोरानं तिला निरखून पाहिलं. "धागा ठीक आहे. पण पिसारा कुठे आहे तुझा?"

शिकवणी सुरू झाली. मान कशी वळवायची, कुठे थांबलं की टाळी पडते, एका बिळाची गोष्ट हजार बिळांची करून कशी सांगायची. कोळिणीनं विचारलं, "पण वाऱ्यानं धागा तुटतो, त्याचं काय करायचं?"

मोर हसले. "तुटणं हेच तर खरं शिक्षण!"

त्यांच्यातल्या एकाच्याही घरी कुणी कधी घरटं विणलं नव्हतं. त्यांची अंडी उघड्या जमिनीवर पडलेली असत.

एके दिवशी उंदरीण धापा टाकत टेकाडावर आली. "कोळीणबाई, वादळात धागा तुटलाय. पान हलत नाही. तेवढा बांधून द्या की."

कोळीण निघालीच होती. थोरला मोर आडवा आला. "गाठी मारत बसणारे मोठे होत नाहीत. सभा तोंडावर आली आहे."

"सभा झाली की लगेच येते," कोळीण म्हणाली. उंदरीण एकटीच उतरून गेली.

सभेत कोळीण छान बोलली. नको तिथे थांबली नाही, हवी तिथे टाळी पडली. मग थोरला मोर म्हणाला, "आता आपले आश्रयदाते दोन शब्द बोलतील." पुढच्या रांगेतून साप उठला. त्याचं पोट फुगलेलं होतं आणि आत काहीतरी अजून हलत होतं.

"फार उपयोगी वस्तू आहे," तो मृदू आवाजात म्हणाला. "सगळ्या उतारावर पसरवू. बदल एवढाच, पानं बिळांपाशी नकोत. सगळे धागे माझ्या वारुळात आणा. पिल्लू हललं की मला कळलं पाहिजे."

कोळीण गर्रकन वळली. "तुम्ही तर सापांचे वैरी ना?" ती मोरांवर ओरडली.

"वैर जुन्या लोकांचं," थोरला मोर म्हणाला. "आम्ही भागीदार आहोत."

"भामटे आहात तुम्ही! विणता येत नाही, राखता येत नाही, आणि दुसऱ्याची लेकरं विकायला शिकवता!"

मग मोर पिसारे फुलवून उठले. "वा! काय आवेश आहे!" टाळ्यांनी टेकाड दणाणलं.

ती धावत उतरली. उंदरीण रिकाम्या बिळाचं तोंड मातीनं बुजवत होती.

"तुमचा दोष नाही असं म्हणायला हवं," उंदरीण म्हणाली. "नाही म्हणवत मला."

कोळिणीनं उतारावरचा आपला एकूण एक धागा जबड्यानं तोडला. पुन्हा विणायचं तर सापाला सापडणार नाही असं काय विणावं, हे तिला अजून सुचत नव्हतं.

टेकाडावर नव्या विद्यार्थ्यांची रांग लागली होती. खारी होत्या, मुंगसं होती, हुशार डोळ्यांचे तरुण उंदीर होते. दाराशी स्वागताला साप उभा होता आणि मान लववून प्रत्येकाला आपुलकीनं विचारत होता, "घरी कोण कोण असतं? राहता कुठे?"