गप्प उभी राहिलेली गाईड

गाईडचं तोंड चाललं की काम झालं, असं मानणारे पुष्कळ. शेवडेसाहेब त्यांतलेच, आणि गाईडचं लायसन्स त्यांच्याच हातात. परीक्षा घ्यायला ते पर्यटकांसोबत लेण्यात शिरले.

परीक्षा देणाऱ्या सगुणाने सगळ्यांना द्वारपालाच्या मूर्तीसमोर उभं केलं. "आधी नीट बघा," म्हणाली आणि गप्प राहिली.

"बाई, गप्पच बसायचं तर घरी बसा. नापास," शेवडेसाहेब म्हणाले.

लायसन्स नाही, तर सगुणाला उद्यापासून लेण्याच्या दारातही उभं राहता येणार नव्हतं. तरी हात पाठीमागे घेऊन ती म्हणाली, "सगळ्यांनी मूर्तीकडे पाठ करा. द्वारपालाच्या पायाशी कोण आहे?"

"बुटका यक्ष," एक आजी म्हणाल्या. "गालातल्या गालात हसतोय."

"त्याचा कान तुटलाय," आणखी कुणी म्हणालं.

"आणि मघाशी माझ्या हातात काय होतं?"

कुणालाच आठवेना. साहेब मात्र चटकन म्हणाले, "निळी बॅटरी."

"तुम्ही मला बघत होतात, साहेब. हे सगळे लेणं बघत होते. मी बोलत सुटले असते, तर यांनीही मलाच बघितलं असतं."

साहेब वळले. यक्षाकडे बराच वेळ बघत राहिले.

"आता बोला, बाई," ते हळूच म्हणाले. "हा हसतोय कशाला?"