आज दुपारी काय शिजवायचं?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी त्याने गोष्टीत काही फरक पडणार नाही.

त्या राज्याचा राजा मनाने चांगला होता, फक्त जरा उतावळा होता. एकदा भर दुपारी तो सहज गच्चीवर आला आणि खाली पाहू लागला. देवडीवरचा पहारेकरी भाल्याला टेकून पेंगत होता. कारकुनाची मान वहीवर पडली होती. बाजारात तर निम्मे दुकानदार आडवे झाले होते.

राजाला काळजी वाटली. त्याने तिन्ही राजवैद्यांना बोलावून विचारलं, "माझी प्रजा दुपारी अशी गळून का जाते?"

थोरले वैद्य म्हणाले, "महाराज, दोष दुपारच्या जेवणाचा आहे. लोक काहीही खातात."

मधले म्हणाले, "कसंही खातात."

धाकटे म्हणाले, "आणि फार खातात."

तिघांचं एकमत झालं ते तेवढंच. पण राजाला तेवढंही पुरलं. त्याने लगेच हुकूम काढला की दुपारी घरोघरी काय शिजावं ते यापुढे वैद्य सांगतील. जो ऐकणार नाही त्याच्या चुलीत शिपाई पाणी ओततील, आणि तीन दिवस ती चूल पेटवू देणार नाहीत.

हे सगळं लोकांना सांगायचं काम म्हाळूकडे आलं. म्हाळू त्या नगरात डफ वाजवून दवंडी द्यायचा. आवाज खणखणीत, पाय दणकट आणि स्वभाव भोळा. घरात त्याची बायको ठकू होती, तोंडात एकही दात न उरलेले वडील होते, आणि आठ वर्षांची बकुळा होती. बकुळा नुकतीच तापातून उठली होती. महिनाभर पोर अंथरुणाला खिळलेली. ताप गेला, पण अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, आणि काही खायला दिलं की दोन घासांत तोंड फिरवायची.

पहिली दवंडी झाली. "ऐका हो ऐका! दुपारी भात बंद! भाताने सुस्ती येते. फक्त भाकरी खावी हो!"

ठकूने भाकऱ्या थापल्या. सासऱ्यांना चावेना, म्हणून त्यांची भाकरी दुधात कुस्करून दिली. बकुळानेही त्यातलं थोडं खाल्लं. चला, जमलं, असं ठकूला वाटलं.

चार दिवसांनी दुसरी दवंडी झाली. "ऐका हो! दुपारी दूध बंद! दुधाने कफ वाढतो हो!"

आता झालं असं, की खालच्या आळीत म्हाळू हे ओरडत असताना नेमकी डफावर थाप पडली आणि लोकांना ऐकू आलं, "दुधी बंद!" बायकांनी लगबगीने मांडवावरचे दुधी खुडले आणि शेळ्यांपुढे टाकले. वरच्या आळीच्या लोकांनी येऊन सांगितलं, "अहो, दुधी नव्हे, दूध!" त्यावर खालची आळी घाबरून म्हणाली, "मग दोन्ही बंद ठेवू. चुलीत पाणी कोण ओतून घेईल?"

तिसरी दवंडी मधल्या वैद्यांची. भाज्या शिजवल्या की त्यांतला कस जातो, म्हणून दुपारी कच्चं खावं. चौथी थोरल्या वैद्यांची. कच्चं पचत नाही, म्हणून दुपारी कच्चं खाऊ नये. या दोन्ही एकाच आठवड्यात झाल्या. ज्यांनी तिसरी ऐकली आणि चौथी ऐकली नाही त्यांच्या घरात पोरं कच्ची वांगी चघळत होती. ज्यांनी चौथी अर्धी ऐकली ते म्हणत होते, "दवंडीत शेवटी म्हाळू 'नये' म्हणाला की नुसतं 'खावं' म्हणाला?" कुणालाच खात्री नव्हती.

ठकूने स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने खुणा करायला घेतल्या. भाताची खूण, त्यावर काट. दुधाची खूण, त्यावर काट. मग वैद्यांचं मत फिरलं की काट पुसायची, पुन्हा मारायची. दहाव्या दवंडीपर्यंत ती भिंत इतकी काळी झाली की काय चालतं आणि काय चालत नाही, ते तिचं तिलाच वाचता येईना.

एका सकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, सगळ्या गावाला तुम्हीच सांगता ना? मग घरात तरी नीट सांगा. आज काय करू?"

म्हाळूने डफाचा पट्टा खांद्यावर अडकवला आणि कपाळावर हात मारला. "अगं, मला कुठं कळतंय? ते सांगतात, मी ओरडतो. काल एका टोकाला डाळ बंद म्हणालो की मीठ बंद म्हणालो, तेसुद्धा मला आठवत नाही."

"मग लोक काय करतात?"

"माझ्याकडे बघत राहतात," म्हाळू म्हणाला, आणि खाली मान घालून निघून गेला.

त्या दिवशी तर कहरच झाला. सकाळी दवंडी झाली की डाळ बंद. घटका-दोन घटकांनी झाली की डाळ चालेल, पालेभाजी बंद. मग राजवाड्यात तिन्ही वैद्यांचं असं काही वाजलं की तिसरी दवंडी आली, "पुढचा हुकूम होईपर्यंत कुणी चूल पेटवू नये हो!"

ऊन डोक्यावर आलं. नगरातल्या एकाही छपरातून धूर निघेना. कुणी धुतलेले तांदूळ पुढ्यात घेऊन उंबऱ्यात बसली होती, कुणाचं परातीतलं पीठ वाळून चाललं होतं. सगळ्यांचे कान रस्त्याकडे लागले होते. मुलं झाडावरचे हिरवे पेरू पाडून खात होती आणि पोट धरून बसत होती.

बकुळा खांबाला टेकून बसली होती. आज सकाळी, आजारपणानंतर पहिल्यांदा, ती आपणहून म्हणाली होती, "आई, मला भूक लागलीय." ठकू हरखून गेली होती. पण "थांब बाळा, दवंडी होऊ दे," असं तिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि त्यानंतर पोरीने मागणंच सोडलं. आता तिचे डोळे अर्धे मिटले होते.

ठकूने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, घामाने ओलं.

ती स्वयंपाकघरात गेली. सवयीने आधी भिंतीकडे पाहिलं. पाहता पाहता तिला रडू यायला लागलं, कारण त्या काळ्या रेघांत तिच्या लेकीसाठी एक घास कुठे सापडत नव्हता. मग तिने ओलं फडकं घेतलं आणि अख्खी भिंत पुसून टाकली.

टोपलीत चाकवताची जुडी होती. डब्यात मूठभर मुगाची डाळ आणि थोडे तांदूळ होते. गाडग्यात सकाळचं ताक होतं, आणि ज्वारीचं पीठ होतं. ठकूने चूल पेटवली. तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवली, अगदी गळेल इतकी, म्हणजे सासऱ्यांना चावायला नको आणि पोरीच्या पोटाला जड नको. चाकवत ताकात शिजवून वर लसणाची फोडणी दिली. दिवसभर डफ घेऊन फिरणाऱ्या माणसाला आधार हवा म्हणून दोन भाकऱ्या थापल्या. वाटीत जवसाची चटणी काढली आणि एक मुळा चिरला.

तिकडे चौकात उभ्या असलेल्या म्हाळूला सगळ्या नगरात एकच धूर दिसला, आणि तो त्याच्याच छपरातून येत होता. तो पळतच घरी आला.

"अगं, काय केलंस हे! मीच दवंडी दिली आणि माझ्याच घरात चूल?"

ठकू ताटं मांडत होती. "तुमच्या सगळ्या दवंड्या मी ऐकल्या. एकही चुकवली नाही. आता तुम्हीच सांगा, त्यांतली कोणती पाळू?"

म्हाळूने तोंड उघडलं. राजाचा हुकूम त्याच्या जिभेवर होता, आणि समोर त्याची लेक खिचडीचा पहिला घास तोंडात घोळवत होती. तिने तो गिळला. मग दुसऱ्या घासासाठी हात पुढे केला. म्हाळूने डफ काढून कोपऱ्यात ठेवला आणि तो वडिलांच्या शेजारी जेवायला बसला.

ताटं निम्मी झाली असतील तेवढ्यात दारात दोन शिपाई उभे राहिले. त्यांच्या हातात पाण्याची घागर होती.

म्हाळूच्या वडिलांनी बसल्या जागेवरून हात वर केला. "बाबांनो, पाणी ओतायला आलात ते ओता. पण माझी नात जेवतेय. तिचं होऊ दे."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर टेकले आणि वाट पाहत राहिले. बकुळाने ताट पुसून खाल्लं. मग शिपायांनी चुलीत घागर रिकामी केली. चूल चर्र करून विझली, राख उडाली, आणि ते नवरा-बायकोला दरबारात घेऊन गेले.

राजा वैतागलेला होता. समोर तिन्ही वैद्य पोथ्या पसरून भांडत होते. शिपायाने झालेला प्रकार सांगितला.

"बाई, तू हुकूम मोडलास?" राजाने विचारलं.

"मोडायचा म्हणून नाही मोडला, महाराज," ठकू म्हणाली. "कोणता पाळायचा तेच कळेना. पोर भुकेली होती."

राजा वैद्यांकडे वळला. "मग हिला आता नीट सांगा. आज दुपारी हिने काय शिजवायला हवं होतं?"

थोरले वैद्य म्हणाले, "घरात कोण कोण आहे?"

"दात नसलेले सासरे आहेत. तापातून उठलेली मुलगी आहे. दिवसभर चालणारा नवरा आहे. आणि मी."

"मुलीला बघितल्याशिवाय कसं सांगणार?" मधले वैद्य म्हणाले.

"सासऱ्यांचं पोट कसं आहे, तेही बघायला हवं," धाकटे म्हणाले.

राजाने सावकाश विचारलं, "म्हणजे तुम्ही यांच्यापैकी कुणालाच पाहिलेलं नाही?"

"नाही, महाराज."

"आणि नगरातल्या बाकीच्या घरांतली माणसं?"

तिघेही वैद्य पोथ्यांकडे पाहू लागले. पोथीचं एक पान वाऱ्याने उलटलं.

"बरं," राजा थोरल्या वैद्यांना म्हणाला, "आज तुमच्या घरी काय शिजलं?"

वैद्य गडबडले. "आज... चूल बंद आहे, महाराज. पण एरवी... एरवी घरातून वाढतात ते मी जेवतो."

"काय वाढायचं ते कोण ठरवतं?"

"बायको ठरवते."

"तुमची पोथी वाचून?"

म्हाताऱ्या वैद्यांनी मान खाली घातली. "नाही, महाराज. माझ्याकडे बघून. रात्री खोकलो तर दुसऱ्या दिवशी ताक देत नाही. पोट बिघडलं तर मऊ भात करते. चाळीस वर्षं असंच करतेय."

राजा उठून उभा राहिला. त्याला त्या दुपारी एवढंच कळलं, की गच्चीवरून पाहिलं तर पेंगणारी माणसं दिसतात, पण ती कशाने दमली आहेत ते दिसत नाही.

त्याने जेवणाचे सगळे हुकूम तिथल्या तिथे रद्द केले. वैद्यांना सांगितलं, की उद्यापासून पोथ्या मिटा, ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे जा, त्याची नाडी बघा, त्याच्या घरच्यांशी बोला, आणि मग काय ते सांगा. ठकूपुढे त्याने हात जोडले. "बाई, तुझ्या चुलीत पाणी ओतलं गेलं, ते माझ्याकडून झालं."

ठकू म्हणाली, "महाराज, संध्याकाळ व्हायला आली. बायका अजून उंबऱ्यात बसल्यात."

मग दोघं चौकात गेली आणि म्हाळूने शेवटची दवंडी दिली. "ऐका हो ऐका! जेवणाचे सगळे हुकूम रद्द! चुली पेटवा हो!"

लोक आनंदाने ओरडतील असं त्याला वाटलं होतं. पण ते नुसते उभे राहिले. एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "अरे म्हाळू, ते ठीक आहे. पण आता शिजवायचं काय, ते सांग की!" तिच्यामागे दहा-बारा जणांनी माना हलवल्या. इतके दिवस दुसऱ्याचं ऐकून ऐकून त्यांना आपलं आपल्याला सुचेनासं झालं होतं.

म्हाळू पुन्हा गोंधळला. त्याने बायकोकडे पाहिलं. ठकू म्हणाली, "आजी, तुमच्या घरी आज जेवायला कोण आहे?"

"लेक बाळंतपणाला आलीय. आणि जावई."

"आणि टोपलीत काय आहे?"

म्हातारी विचार करू लागली. बोटांवर मोजत पुटपुटली, "मेथी आहे. थोडी तूर आहे. लेकीला मेथी चांगली, नाही का गं?" आणि उत्तराची वाट न पाहता लगबगीने घराकडे वळली. हळूहळू बाकीचेही पांगले. थोड्या वेळाने एका छपरातून धूर निघाला, मग दुसऱ्या, मग पाठोपाठ सगळ्या आळीतून.

ठकूच्या चुलीला वाळायला दोन दिवस लागले. तेवढे दिवस शेजारणींनी तिच्या घरी जेवण पोचवलं, आणि प्रत्येकीने येताना आधी विचारलं, "मामंजींना चावेल ना गं हे? आणि बकुळाला तिखट चालतं का?" महिन्याभरात बकुळा अंगणात पळायला लागली.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: घरात काय शिजवायचं ते ठरवण्याआधी, घरात जेवायला कोण बसणार आहे त्याच्याकडे एकदा नीट बघावं.