विहिणी आणि टेकडीवरचा टॉवर

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे मागच्या दिवाळीच्या आधी, टेकडीवरच्या एका मोबाइल टॉवरला आपल्या जुन्या यंत्राची फार लाज वाटे. टेकडीच्या अलीकडे पार्वताबाई राहत आणि पलीकडे त्यांच्या विहीण शेवंताबाई. दोघी रोज फोनवर बोलत आणि बोलणं रंगात आलं की नेमका आवाज तुटे.

मग टॉवरवर फाइव्ह-जीचं यंत्र बसलं. "आता बघ, एक अक्षर सांडायचं नाही!" तो खांद्यावरच्या कावळ्याला म्हणाला.

खरंच सांडलं नाही. "तुमच्या लेकीला साधा वरणभात जमत नाही," हे पार्वताबाईंचं वाक्य पहिल्यांदाच अख्खं पोचलं. शेवंताबाईंचं उत्तरही अख्खं आलं. पुढे आठ दिवस अबोला.

"म्हणजे मी मोडका होतो तेव्हाच कामाचा होतो," टॉवर खजील होऊन म्हणाला.

नवव्या दिवशी फोन लागला आणि पुन्हा वरणभात निघाला.

"हॅलो? हॅलो?" शेवंताबाई म्हणाल्या. "आवाज तुटतोय हो विहीणबाई! लेक बरी आहे ना?"

"तुटतोय?" टॉवर खवळला. "रेंज काठोकाठ आहे माझी!"

"गप रे," कावळा म्हणाला. "तुझं जुनं यंत्र बाईंनी घरी नेलंय."