जाळीआडचा करंडक

मुलींच्या हॉकीचा अंतिम सामना सुरू होणार, तोच संघटनेचे अध्यक्ष दौलतराव काटकर खेळाडूंच्या दातांवरची रबरी माउथगार्ड पाहून भडकले.

"आम्ही उघड्या दातांनी खेळलो. हे काढा, नाहीतर संघ बाद."

प्रशिक्षक हेमलताबाई पुढे झाल्या. ऐकावं तर दात जातील, न ऐकावं तर सामना.

"काढतो, साहेब," त्या म्हणाल्या. "मग मैदानाकडेला जाळीआड ठेवलेला तो चांदीचा करंडकही बाहेर काढून गोलखांबाशेजारी ठेवा. त्यालाही जरा धीट होऊ द्या."

"भलतंच काय. चेंडू लागून पोचा येईल त्याला."

"पोचा सोनार काढून देईल, साहेब. पोरींचे दात कोण उगवून देणार?"

प्रेक्षकांत हशा पिकला. अध्यक्षांनी एकदा करंडकाकडे पाहिलं, मग पंचांवरच डाफरले, "बघत काय बसलात? शिट्टी वाजवा."

मुली माउथगार्डसकट मैदानात धावल्या.