कपाळी ठिपका असलेला आवाज

एका राज्यात वेशीचे दरवाजे किल्लीने नव्हे, दवंडीदार भिवाजीच्या हाकेने उघडत. दरवाजेच तसले मानी. भिवाजीने एकदा भर चावडीवर कालदंष्ट्र जादूगाराला भोंदू म्हटले. जादूगाराने त्याचा आवाजच काढून घेतला आणि आपल्या काळ्या शिळेत, दालनाच्या आत दालन अशा भुलभुलैयात टाकला. त्या सांजेला दरवाजे मिटले ते मिटलेच.

भिवाजीची लेक केतकी शिळेपुढे येऊन बसली. शेजारी मुका बाप, खांद्यावर साळुंकी. साळुंकी तीन महिने जादूगाराच्या खिडकीत बसून शिळेचे मंत्र पाठ करून आली होती आणि ते तिने केतकीला शिकवले होते.

जादूगार म्हणाला, "तीन कामे. शाप नावाचे दालन शोध, त्याशेजारी तुझे एक बांध, आणि सूर्य मावळण्याआधी शापाचे मोड. आवाज सुटेल. पण इथे पुसले ते पुसले. देवही परत आणत नाही."

शिळेवर इवला दिवा मिचमिचत होता. केतकीने बोटाने अक्षरे उमटवली, पीडब्ल्यूडी. ती कुठे उभी आहे ते शिळेने सांगितले. एलएस म्हणताच भोवतीची दालने उजळली. सीडी म्हणत ती एकेक उंबरठा उतरत गेली. दोनदा वाट चुकली, तेव्हा सीडीपुढे दोन ठिपके देऊन मुकाट मागे आली. अखेर शाप सापडला. एमकेडीआयआर म्हणून तिने शेजारी दालन बांधले, नाव ठेवले 'घर'.

शापात शिरून एलएस म्हटले, तर काहीच नाही. रिकामे दालन मोडायचा सौम्य मंत्र आहे, आरएमडीआयआर. उंबरठ्याबाहेर येऊन तिने तो म्हटला. शिळा म्हणाली, दालन रिकामे नाही.

"शिळा म्हातारी झाली, बरळते," जादूगार हसला. "सरळ आरएमला वजा आर जोडून लाव, आत असेल-नसेल ते दालनासकट पुसून टाक. सूर्य बघ कुठे आला."

केतकीचे बोट अक्षरावर टेकले. साळुंकीने कान चावला. बाप दवंडी देण्याआधी ओस चौकातही तीनदा वळून पाहायचा. म्हणायचा, दिसत नाही तोही ऐकत असतो. केतकी शापात परत गेली आणि एलएसला शेपूट जोडले: वजा ए, म्हणजे लपलेलेही दाखव. कोपऱ्यात आवाज बसलेला. नावाच्या कपाळी ठिपका लावला की ते साध्या नजरेला दिसत नाही, एवढीच ती करामत.

"काका, तुमची शिळा तुमच्यापेक्षा इमानी आहे," केतकी म्हणाली. एमव्ही म्हणून तिने आवाज उचलून 'घर'मध्ये नेला. पुन्हा एकदा वजा ए लावून शाप खरेच रिकामा झाल्याचे पाहिले, मग उंबरठ्याबाहेर येऊन तोच सौम्य मंत्र पुन्हा म्हटला. शापाचे दालन निमूट विरघळले, आणि जादूगाराची दाढी पायाशी गळून पडली.

भिवाजी खाकरला. "केतके, पुसण्याआधी पाहिलंस ना?"

"तीनदा, बाबा."

मग त्याने अशी हाक दिली की वेस तर उघडलीच, शेजारच्या राज्याचीही उघडली. तिथला राजा अजून दरवाजा लावायला माणूस शोधतो आहे. त्यांची दालने जागच्या जागी लागली, ऐकणाऱ्यांचीही लागोत.